एका खिळ्यावरचा हार

सातपूर, नाशिक
१३ ऑगस्ट २००६

चि. ललित,

खुशाल असशील असं धरून चालतो आणि लिहायला बसतो. मागची पत्रं मिळाली का, हे विचारणं आता सोडलं आहे. ती परत येत नाहीत. म्हणजे शारजाच्या त्या पोस्ट बॉक्समधून ती कुणीतरी काढतं. तो तूच असशील, एवढ्यावर माझं चाललं आहे.

बातमी अशी की आपली चैताली टीव्हीवर गाणार आहे. 'सात देश, एक सूर' म्हणून लहान मुलांची स्पर्धा आहे. आपल्याकडची, श्रीलंकेची, नेपाळची, मॉरिशसची, अशी कुठकुठली पोरं. शाळेतल्या मंगलाबाई तिला मुंबईला घेऊन गेल्या होत्या. तिथे रांगेत दिवसभर उभी राहिली, एक गाणं म्हटलं आणि निवडली गेली. मोहिनीनं लेकीच्या तोंडात साखर घातली आणि लगेच शिलाईला बसली. शाळेच्या गणवेशांचा हंगाम सरत आला होता, पण मशीन त्या दिवशी उगाच जास्त चाललं.

संध्याकाळी पोर माझ्याजवळ मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "जिंकलीस तर काय करशील गं?"

म्हणाली, "जिंकायचं नाहीये आबा. दिसायचंय."

"कुणाला?"

"ते दुबईत लागतं, शारजात पण लागतं. मॅडमनी सांगितलं." आणि मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी आता मोठी दिसते ना? पप्पा ओळखतील का?"

ललित, तू गेलास तेव्हा ती चार वर्षांची होती. तुझं तिला फार आठवत नाही. पेटीचा भाता हलवणारा हात आठवतो, आणि ती पाखराची कविता. आमच्या मास्तरांची. पेठकडच्या आमच्या शाळेत एकाच खोलीत चार वर्ग बसायचे आणि मास्तर छडीनं टेबलावर ठेका धरून स्वतः केलेली कविता म्हणायला लावायचे. ती कुठल्या पुस्तकात नाही. त्यांच्यानंतर ती माझ्याजवळ राहिली, माझ्याकडून तुझ्याकडे गेली. तू तिला चाल लावलीस ती खाटेवर बसून, तुझी आई शकू भाकरी थापत होती तेव्हा. आता ती पोरीच्या गळ्यात आहे.

उडून गेले पाखरू तरी
फांदी अजून हलते,
झाड विचारी वाऱ्याला, का
घरटे कुणी भुलते?

वाऱ्यानं काय उत्तर दिलं ते मास्तरांनी लिहिलंच नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, "सहाद्या, सगळं मीच सांगू का?"

नोव्हेंबरपासून शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम लागेल. तुमच्याकडची वेळ मला माहीत नाही. बघ. एवढंच म्हणतो, बघ.

तुझा,
आबा


६ ऑक्टोबर २००६

चि. ललित,

दसरा झाला. कंपनीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण हत्यारं पुजल्याशिवाय मला दसरा वाटत नाही. मायक्रोमीटर, व्हर्नियर, पाने, हातोडी, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मोहिनीच्या मशीनला हार. शेजारच्या नवसाबाईच्या पोराच्या मोटारसायकलला हार. त्या दिवशी साऱ्या वसाहतीत एक स्क्रू कुणी फिरवत नाही, तुला ठाऊकच आहे. शकू म्हणायची, "एक दिवस लोखंडाला पण पाठ टेकू द्या."

पेटीला हार चैतालीनं केला. झेंडूचा, मधे आंब्याची पानं. पण पेटीवर ठेवावा तर पाकळ्या भात्यात जातात. म्हणून तिनं तो पेटीच्या वर भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. आपली भिंत काँक्रीटची. खिळे वाकतात, बसत नाहीत. तिथे एकच बसलेला आहे आणि त्याला तुझा फोटो आहे, शर्टाची वरची गुंडी उघडी असलेला. हार फोटोवरून खाली लोंबत होता. तो पेटीचा हार. तुला हे सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी टीव्हीची माणसं आली. गाडीभर दिवे, वायरी, आणि खिशांची विजार घातलेली एक मुलगी. तीच सगळ्यांना हुकूम सोडत होती. फुलं अजून ताजी होती. आपल्याकडे सुकेपर्यंत काढत नाहीत. नवसाबाई दारातून हलेना. म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर दात बसवून आले असते. आता बोळकं दिसंल साऱ्या दुनियेला." ती मुलगी हसली. माणसं वाईट नव्हती.

त्यांनी चैतालीला पेटीपुढे बसवलं. मोहिनीला मशीनपुढे. बराच वेळ काय काय विचारलं. मला फारसं नाही. मी एक कविता म्हटली.

टीव्हीवर एखादी गोष्ट जराशी वेगळी दिसली तर मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना सगळं घाईघाईत करावं लागतं.

तुझा,
आबा


२७ नोव्हेंबर २००६

चि. ललित,

'चि.' लिहिताना हात थांबला. तरी लिहिलं, जरा दाबून लिहिलं.

तू पाहिलं असशील तर हे पत्र उशिराचं आहे. पाहिलं नसशील तर दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो. परवाच्या शनिवारी टीव्हीवर तुला मेलेला दाखवलं.

आधी पोर गायली. मग आपलं घर दाखवलं, पाठीमागे कुठलीशी बासरी. कॅमेरा पेटीवरून हळूहळू वर गेला आणि तुझ्या फोटोवर थांबला. हारासकट. निवेदक म्हणाला, ही चिमुरडी आपल्या स्वर्गवासी वडिलांसाठी गाते. तिथे बसलेले परीक्षक डोळे पुसू लागले. आपली खोली माणसांनी भरलेली होती. वसाहतीतल्या बायका, शेजारची पोरं, दारात उभे असलेले.  चैताली मुंबईला होती, मोहिनी तिच्याबरोबर. मी एकटाच त्या गर्दीत.

नवसाबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, कधी झालं? आम्हाला बोलला पण नाय तुम्ही."

मी म्हणायला हवं होतं की बाई, तो पेटीचा हार आहे. तोंड उघडलं, पण पुढच्या गाण्याला टाळ्या सुरू झाल्या.

दोघी परत आल्यावर मी मोहिनीला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "मी काही बोलले नाही आबा. त्या पोरीनं फोटो बघितला आणि हात जोडले. मला म्हणाली, कॅमेऱ्यापुरतं मंगळसूत्र काढाल का ताई. मी काढलं."

"का काढलंस?"

तिनं चादर झटकली. "सात वर्षं टाकलेली म्हणून काढली. नळावर, किराण्यात, पोरीच्या शाळेत. अमक्याची टाकलेली. आता विधवा म्हणून चार दिवस काढू द्या. विधवेला लोक बसायला खुर्ची देतात."

 गेल्या वर्षी ओझरचा गोरक्ष तिकडून आला तेव्हा तुझ्या खोलीवर जाऊन आल्याचं बोलला होता. तू गॅरेजात आहेस, बरा आहेस म्हणाला. चहा दिलास म्हणाला. खोलीत एक लहान मूल रांगत होतं, हेही म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. मोहिनी आतल्या खोलीत होती. पडदा हलला तेवढा मी पाहिला. पोरीला यातलं काही माहीत नाही.

आता माझं. मागच्या पत्रात लिहिलं की मला फारसं विचारलं नाही. एकच विचारलं होतं. ती मुलगी फोटोकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा, मुलाबद्दल काही सांगाल?" कॅमेरा समोर. दिवे तोंडावर. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल असं मऊ आवाजात मला कुणी विचारलं नव्हतं रे. मला शाळा आठवली, मास्तर आठवले, तू खाटेवर पेटी घेऊन बसलेला आठवलास. मी ती कविता म्हटली. उडून गेले पाखरू. दुसऱ्या ओळीला आवाज गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारपणी कविता म्हणताना येतंच. त्या मुलीनंही डोळे पुसले आणि "बस, एवढंच पाहिजे होतं" म्हणाली. टीव्हीवर हाराच्या पाठोपाठ मी दाखवला आहे, रडताना. कुणाला शंका घ्यायला जागाच ठेवली नाही मी.

चैतालीनं आल्याआल्या पहिला प्रश्न विचारला, "आबा, पप्पांनी बघितलं असेल?"

मी म्हटलं, "काय माहीत."

ती म्हणाली, "नसेल बघितलं तर बरं."

ज्यानं बघावं म्हणून पोर गायला उभी राहिली, त्यानं बघू नये म्हणून आता ती देवाला हात जोडते. दर शनिवारी पुढे जाते आहे. वसाहतीतली पोरं चौकातल्या दुकानात रांग लावून मोबाइलवरून मतं पाठवतात. शाळेत फळ्यावर तिचं नाव लिहितात. आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी तुझ्यासाठी दोन मिनिटं सगळी शाळा उभी राहिली. तीही उभी होती, मान खाली घालून, पहिल्या रांगेत.

आबा


१८ जानेवारी २००७

चि. ललित,

हे पत्र वाच. मागची वाचली नसलीस तरी हे वाच.

अंतिम फेरी दुबईला आहे, शनिवार दहा फेब्रुवारी, संध्याकाळी. शारजाहून दुबई सातपूरहून ओझर असावं तेवढंच, असं गोरक्ष सांगतो. पाच पोरं उरली आहेत, त्यांत आपली एक. मोहिनी बरोबर जाते आहे. मला पासपोर्ट नाही आणि आता नवं काही काढायचं वय नाही.

मी मंगलाबाईंकडे गेलो होतो. म्हटलं, टीव्हीवाल्यांना खरं सांगून टाकू, चूक झाली म्हणू. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "आजोबा, आता सांगितलं तर लोक चूक नाही म्हणणार, पोरीनं फसवलं म्हणतील. सात देश म्हणतील." त्यांचंही खोटं नाही. हार फोटोवरून काढणं सोपं आहे. पोरीच्या नावावर एकदा काही चिकटलं तर ते कोण काढणार.

शेवटच्या फेरीत प्रत्येकानं घरचं गाणं म्हणायचं आहे, आपापल्या भाषेतलं. तिनं कविता निवडली, तुझ्या चालीत. मी म्हटलं, दुसरं घे, भूपाळी घे. ऐकेना. चार ओळींचं किती गाणार, म्हणून तिथल्या संगीतवाल्यानं मधेमधे व्हायोलिन घातलं आहे.

काल ती हत्यारांच्या पेटीवर बसून पाय हलवत होती. विचारलं, "आबा, पप्पा तिथं आले तर मला काढून टाकतील का?"

"कोण?"

"टीव्हीवाले. म्हणतील, तुझे पप्पा तर जिवंत आहेत."

"तुला ते यावेत असं वाटतं का?"

तिनं पाय हलवायचे थांबवले. मग म्हणाली, "मागं बसतील का? गुपचूप? मला दिसतील असे, पण कॅमेऱ्याला नाही."

पोरीनं एवढंच मागितलं आहे, ललित. कळवायला मला दुसरा रस्ता नाही. गोरक्ष आता ओझरलाच असतो आणि त्यानं दिलेला फोन नंबर लागत नाही.

घरच्यांसाठी तिला दोन पास मिळतात. एक मोहिनीचा. दुसरा गेटवर ठेवायला सांगितला आहे. तुझ्या नावानं ठेवता येत नाही. मेलेल्याच्या नावाचा पास कोण ठेवील. म्हणून माझ्या नावानं ठेवला आहे. तिथे जाऊन सहादू म्हण. कुणी विचारलंच तर मुलीचा आजोबा म्हण. दाढी वाढली असेल तर खपेलही.

मोहिनीला पासाचं माहीत आहे. मी येऊ शकत नाही हेही तिला माहीत आहे. ती काही बोलली नाही, पण पास रद्दही करायला लावला नाही. तिच्याकडून याहून जास्त मागू नये.

मूल असेल तर असू दे. घेऊन ये म्हणत नाही. लपव असंही म्हणत नाही. तू ये. मागे बस. तिला दिस.

आबा


११ मार्च २००७

चि. ललित,

महिना झाला. रोज पत्र सुरू करतो आणि ठेवून देतो.

ती जिंकली. वसाहतीत फटाके वाजले. आता तिचा कप टीव्हीवर ठेवला आहे, त्यावर क्रोशाचा रुमाल टाकलेला. येणारेजाणारे उचलून वजन बघतात.

मी खाटेवर बसून पाहिलं. खोली पुन्हा भरलेली. पोरगी पांढऱ्या झग्यात आली, त्यांनीच दिलेला. पेटीवाला बाजूला. तिनं पहिली ओळ म्हटली आणि माझ्यासमोरून वसाहत गेली, सातपूर गेलं. आमच्या शाळेच्या कुडातून वारा यायचा तसा तुझ्या चालीतून आला. तेव्हा कॅमेरा लोकांवरून फिरला. बायका रडत होत्या. सुटातली माणसं. आणि एका रांगेच्या टोकाला एक माणूस, टोपी खाली ओढलेली, तोंड अर्धं अंधारात. मांडीवर ठेका धरून होता. उलट्या हातानं.

तोंडाची मला खात्री देता आली नसती. हाताची आहे. ज्याच्या तळव्याला दिवसभर तेल असतं तो माणूस विजार खराब होऊ नये म्हणून हाताच्या पाठीनं ठेका धरतो. मी आयुष्यभर तसा धरला. तू माझ्याच मांडीवर बसून शिकलास. त्या सगळ्या सभागृहात तसा हात दुसऱ्या कुणाचा असेलही, पण दुसऱ्या ओळीनंतर जिथे तू लहानपणी एक ठोका मुद्दाम चुकवायचास तिथेच त्यानंही चुकवला.

तू आलास. माझं नाव सांगून आत आलास. हे मी कुणाला बोललो नाही. नवसाबाई शेजारी होती, ती म्हणाली, "भाऊ, हसता का रडता?" मी म्हटलं, डोळ्यात गेलं काहीतरी.

मग गाणं संपलं. निवेदक तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. खांद्यावर हात ठेवून हिंदीत विचारलं, "बेटा, आज पापा कहाँ से सुन रहे होंगे?"

पोर थांबली. टीव्हीवर ते क्षणभरच असेल. मला शाळेतला फळा आठवला. उत्तर येत असूनही मुलं त्याच्यापुढे गप्प उभी राहायची. मग तिनं हात वर केला आणि छताकडे बोट दाखवलं.

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. कॅमेरा पुन्हा त्या रांगेवरून गेला, तेव्हा टोकाची खुर्ची रिकामी होती. तिचं बसायचं पान वर दुमडलेलं.

ती परत आल्यापासून शहाण्यासारखी वागते. सत्कारांना जाते, हार घालून घेते, घरी आली की पेटीला हात लावत नाही.  गेल्या रविवारी मी तिला गंगेवर घेऊन गेलो. गोदावरीच्या घाटाच्या पायरीवर पाय सोडून बसलो होतो. भेळ खाता खाता तिनं आपणहून सांगितलं.

"ते आलेले. मला पहिल्या ओळीलाच दिसले."

"ओळखलंस?"

"हो. तुमच्यासारखे बसलेले." मग कागदाचा द्रोण चुरगळला. "मी वर बोट केलं ना आबा, तेव्हा त्यांनी पण वर बघितलं. तिथं नुसते लाईट होते."

मी तो चुरगळलेला द्रोण तिच्या हातातून घेतला.

"इकडं बोट केलं असतं तर आई खोटी पडली असती. सगळ्यांसमोर." आणि जरा वेळानं, "त्यांना राग आला असेल?"

मी म्हटलं, "नाही."

"मग थांबले का नाहीत?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. ते तू दे. एका ओळीचं लिही. तिच्या नावानं लिही, माझ्या नको. मोहिनीच्या नकळत ते पोरीला कसं द्यायचं ते मी बघतो.

आबा


दसरा, २१ ऑक्टोबर २००७

चि. ललित,

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. तुझी ओळ आली नाही. पत्रंही परत आली नाहीत. मी अजून त्याच आधारावर लिहितो.

पितृपक्षात नवसाबाई आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, ललितचं पान कधी करता? पोरगी एवढी नाव काढून आली, बापाला घास नाय घातला तर बरं दिसत नाय." मोहिनीनं मान खाली घालून तिथी सांगितली. कुठली सांगितली मला ठाऊक नाही. सर्वपित्रीला तिनं भात, वडे, खीर केली आणि पान वाढून गच्चीवर नेऊन ठेवलं. शकूच्या नावाचंच ते, असं मी मनाशी म्हटलं. पानं दोन होती. मी त्या दिवशी जेवलो नाही. पित्त झालं सांगितलं. रात्री मोहिनीनं माझ्यापुढे ताकभात ठेवला आणि जवळ बसून राहिली. म्हणाली, "चार दिवस म्हणाले होते मी आबा. आता हे सरतच नाही." तिचं मंगळसूत्रही तेव्हापासून डब्यातच आहे.

चैताली त्या दिवशी गच्चीवर गेली नाही.

आज सकाळी मी पाट मांडला. मायक्रोमीटर, व्हर्नियर, पाने, हातोडी. फुलं वाहिली. मोहिनीनं मशीनला हार घातला. चैतालीनं पेटीसाठी हार ओवला, गेल्या वर्षीसारखाच, मधे आंब्याची पानं. हार हातात घेऊन ती पेटीपुढे उभी राहिली. वर तुझा फोटो. गेल्या दसऱ्याचा हार सुकल्यावर तिनंच काढला होता. खिळा एकच.

बराच वेळ उभी होती. मग पाटापाशी आली, वाकली आणि फुलं बाजूला सारून हातोडी उचलली. आजच्या दिवशी. हळदकुंकू लागलेली. मोहिनी म्हणाली, "अगं, पुजलेली आहे ती. उद्या घे." तिनं ऐकलं नाही. माझ्या डब्यातून खिळे घेतले, स्टुलावर चढली आणि फोटोपासून हातभर अंतरावर पहिला ठोकला. वाकला. दुसरा ठोकला. तोही वाकला, भिंतीचा पापुद्रा उडाला. शेजारून नवसाबाई ओरडली, "आज कोण ठोकतंय गं?"  चाळीस वर्षं मी या दिवशी लोखंडाला हात लावू दिलेला नाही. आज मी उठलो, जाड खिळा शोधून तिच्या हातात दिला आणि स्टूल धरलं.

तो बसला.

तिनं त्या खिळ्याला पेटीचा हार अडकवला. खाली उतरून लांब जाऊन पाहिलं, सरळ आहे का ते. फोटो एकीकडे, हार एकीकडे. मग हातोडीचं कुंकू पुसलं गेलं होतं ते तिनं पुन्हा लावलं आणि ती पाटावर जागच्या जागी ठेवली.

मोहिनी मशीनपाशी उभी होती.  आत गेली, आणि दुपारी मला जेवायला वाढताना तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. नवसाबाई वाटीभर श्रीखंड घेऊन आली तेव्हाही होतं. नवसाबाईनं ते पाहिलं, भिंतीवरचा तुझा उघडा फोटो पाहिला, वाटी ठेवली आणि न बसता गेली. उद्यापर्यंत सगळ्या वसाहतीला कळेल. लोक काय म्हणायचं ते म्हणतील.

चैताली पेटीपुढे बसली आहे. वाजवत नाही. आजचा दिवस पेटीलाही पाठ टेकू द्यायची असते. उद्या भाता हलवेल का, सांगता येत नाही.

फोटोवर आता काही नाही.

आबा